डब्यातल्या चिल्लरची खरी किंमत



दिवाळीची साफसफाई काढली की कोल्हारच्या आमच्या घरात माळ्यावरचा पितळी डबा खाली येतो. त्यात सासूबाईंनी जपलेली चिल्लर आहे: भोकाचा पैसा, सहा कोनांचे तीन पैसे, पिवळे कमळाचे वीस पैसे, मूठभर चार आणे.

ओळखीतल्या एका काकूंनीही यंदा असाच डबा उघडला. मोबाईलवर जाहिरात दिसली, "हे नाणे असेल तर लखपती व्हा." फोटो पाठवला. समोरून साडेतीन लाखांचा भाव आला आणि आधी नोंदणीचे, मग कराचे पैसे भरायला सांगितले. काकूंनी घरात कुणाला न सांगता दोनदा भरले. नंतर तो फोन लागलाच नाही. पैशांपेक्षा लाजेनेच त्या जास्त खचल्या. महिनाभर स्थानकातही आल्या नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितले आहे की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. खरा घेणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडे मागत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता खरा भाव कसा ठरतो? नाणे जुने आहे एवढ्याने ते महाग होत नाही. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मध्ये पाडला गेला, आणि इतका की आजही घरोघरी सापडतो. कमळाच्या वीस पैशात सोने नाही. संग्राहक बघतात ते साल, टाकसाळ, झीज आणि तसे नाणे किती उरले आहे ते. सालाखाली बारीक खूण असते: छोटा चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, खूण नसेल तर कोलकाता. एकाच किमतीच्या, एकाच सालच्या दोन नाण्यांच्या भावात यामुळे फरक पडू शकतो. बहुतेक घरगुती चिल्लरचे मात्र थोडे रुपयेच येतात. रामदरबाराचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले 'नाणे' तर नाणेच नव्हे. कंपनीने तसे कधी पाडले नाही.

आणि आपली एक चूक. धनतेरसला ही नाणी आपण चिंच लावून लख्ख घासतो. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो. पूजेची वेगळी ठेवा, बाकीची कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. काकूंना फसवणाऱ्याचा लोभ आपल्याला लगेच दिसतो. आपला दिसतो का? हे सगळे शिकल्यावर महिन्याभराने आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रुमालात बांधून काही नाणी घेऊन आल्या. "ताई, ही घ्या नि शंभर रुपये द्या," म्हणाल्या. त्यातले एक चांदीचे होते. क्षणभर माझे मन हलले, खोटे कशाला सांगू! देणारी खुशीने देत होती. पण तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारात खोटे तोल-माप येते. समोरचीच्या अज्ञानावर भाव करणे हे खोट्या तराजूपेक्षा वेगळे कसे? मी ते नाणे बाजूला काढून त्यांच्या हातात दिले आणि सराफाकडून आधी वजन करून आणायला सांगितले.

काकूंना माझे एकच सांगणे आहे: स्थानकात या. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. आणि आपण सगळ्यांनी डबा उघडताना नाण्यासोबत आपले मनही जरा पारखून बघावे.