परत आलेल्यांची यादी

मंडळी, मराठी माणसाला वंशावळीचं भारी वेड. कुळ, देवक, कुलदैवत सगळं तोंडपाठ. तीनशे वर्षांमागच्या कुठल्यातरी लढाईत आपला एखादा पूर्वज असतोच असतो! पण पणजोबा पहिल्या महायुद्धात कुठल्या पलटणीत होते असं विचारलं, की "होते बुवा मिल्ट्रीत, बसऱ्याला गेले होते म्हणतात" इथे गाडी थांबते. माझं म्हणणं असं, की ती तीनशे वर्षं जरा राहू द्या. आधी ही शंभर वर्षं शोधा. ती अजून हाताला लागू शकतात, फार दिवस लागतील असं नाही.

आमच्या नवी मुंबईत तर हा घरोघरचा विषय व्हायला हवा. कोपरखैरण्यात माथाडींच्या वस्तीत सातारा-सांगलीची माणसं, नेरुळ-पनवेलकडे महाड-रत्नागिरीची. मराठा पलटणींची भरती व्हायची ती याच मुलखातून. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला नावच पडलं 'अपशिंगे मिलिटरी'. सातारा आणि कोकणातल्या कितीतरी गावांत एक पाटी दिसते: या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. आकडा असतो, नावं नसतात.

माझे पणजोबा ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. हे कळलं ते पदकावरून. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं आणि त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घ्या आणि वाचा. फार पदकं सोनाराच्या मुशीत गेली, म्हणजे चांदीबरोबर नोंदही वितळली.

पुढचा घोळ नंबरांचा. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली. १०३ची झाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी आणि ११४ची दहावी. त्यामुळे एकाच घरात बाप "एकशे दहावी" म्हणतो आणि मुलगा "तिसरी", आणि दोघंही बरोबर! १११वी महार पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ची. म्हणजे त्या जुन्या शिपायांच्या नातवंडांना विचारायला सलग चालत आलेली पलटणही नाही.

आता ही ११०वी कुठे होती? मेसोपोटेमियात, कुटला. १०३ आणि ११७सुद्धा तिथेच. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला, २९ एप्रिल १९१६ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. शिधा इतका तुटला की घोडी कापून खायची वेळ आली. सुमारे १३ हजार जण कैदेत गेले आणि कितीतरी हिंदी शिपाई रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. आमच्याकडे पणजोबांचा एक दंडक अजून सांगतात, ताटात शीत टाकायचं नाही. पोरांना मार बसायचा म्हणे. कुटचं वाचल्यावर वाटतं, हा दंडक तिथून तर आला नसेल?

पण वाटणं वेगळं आणि नोंद वेगळी. पदकावरून पलटण कळते, माणूस वेढ्यात होता की नंतरच्या भरतीतून गेला हे कळत नाही. आणि खरी गोम इथेच आहे. पणजोबा तिकडे मेले असते, तर पाच मिनिटांचं काम होतं. युद्धातल्या मृतांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या साइटवर नाव सापडतं, बऱ्याच जणांच्या बापाचं नाव आणि गाव-तालुकाही. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा कोरला होता, नावं नाहीत. पण यादी तरी आहे. जे जिवंत परत आले, शेती केली, पोरं वाढवली, म्हणजे ज्यांच्यामुळे आपण आहोत, त्यांचीच आपल्याकडे शोधता येईल अशी यादी नाही!

हे अशक्य आहे का? मुळीच नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शिपायांच्या ६३ लाख नोंदी तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसने ऑनलाइन ठेवल्यात, मेलेले-जगलेले सगळे. टायपिंगचं बरंचसं काम स्वयंसेवकांनी केलं. लाहोरच्या म्युझियममध्ये पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार जणांची गाववार रजिस्टरं पडून होती, त्यातले पहिले जिल्हे २०२१ मध्ये सर्वांना खुले झाले. मराठी मुलखासाठी असं काही करायला आपल्याला कोण अडवतंय?

थोडं माझ्या धंद्यातलं. ही यादी आडनावावर बांधू नका. पवारचं 'पोवार' होतं, शिंदेचं 'सिंदे'. इंग्रजी नावांसाठी बनवलेलं साउंडेक्स पहिलं अक्षर तसंच धरतं, त्यामुळे 'व्ही'चा वाघमारे आणि 'डब्ल्यू'चा वाघमारे त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं! बापाचं नाव, गाव, तालुका आणि पलटणीचा नंबर हे चार रकाने हवेत. जिल्हा जुना आणि नवा दोन्ही लिहा, कारण कुलाब्याचा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला तो १९८१ मध्ये.

कोणी म्हणेल, साहेबाच्या लढाईत पगारासाठी गेलेल्यांचं एवढं काय कौतुक? कौतुक करा असं मी म्हणतच नाहीये. त्यांना शूरवीर करून फोटोला हार घालायचीही गरज नाही. पोटासाठी गेले असतील तर तेही लिहून ठेवू. पण आधी माणसाचं नाव तरी लिहू.

तेव्हा गणपतीला किंवा जत्रेला गावी जाल तेव्हा पाटीचा फोटो काढा, ट्रंकेतल्या पदकाची कड वाचा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पलटणीचा नंबर विचारा. उत्तर आजच लिहून घ्या.