झाकणाखालची चिठ्ठी

गणपती जवळ आले की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या आपल्या दुरुस्तीच्या टेबलांवर जुने ॲम्प्लिफायर येऊन बसतात. पावसाळाभर दमट हवेत मुका पडलेला सेट, व्हॉल्यूम फिरवला की खरखर. गिऱ्हाईक म्हणतं, ‘कितीही लागू द्या, पण हाच चालू करा.’ सोबत आलेला मुलगा मात्र विचारतो, ‘एवढ्यात नवा येईल ना?’

‘जुन्याचा आवाजच गोड’ हे आपलं ठरलेलं उत्तर. ते पूर्ण खरं नाही. मोजमाप घेतलं तर आजची साधी चिपसुद्धा विकृतीच्या बाबतीत अनेक जुन्या सेटना मागे टाकते. खरं कारण झाकण उघडल्यावर दिसतं. सत्तरच्या दशकातला जपानी रिसीव्हर घ्या: वजनदार ट्रान्सफॉर्मर, हीटसिंकवर अभ्रकाचा पापुद्रा ठेवून स्क्रूनं बसवलेले ट्रान्झिस्टर, बोर्डावर प्रत्येक भागाचा छापलेला नंबर. दुरुस्त करणारा कधीतरी येणार, हे धरूनच तो बांधलेला आहे. आजच्या सेटची चिप गेली की बहुधा बोर्डच बदला. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ साली आला, २०१०मध्ये बंद झाला आणि २०१६मध्ये कंपनीला पुन्हा काढावा लागला. टिकाऊपणाला गिऱ्हाईक असतं.

म्हणजे या सेटांचं आयुष्य आता आपल्या हातात आहे, आणि तिथेच आपण चुकतो. इथल्या नकली मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा आपण हसत सांगतो. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथे शून्यातून उभ्या राहिलेल्या कारागिरीचं त्या थट्टेत कौतुकही आहे. पण नकली २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर बसवला तर थट्टा महागात पडते. लोड आला की तो शॉर्ट होतो आणि जाताना वूफरही घेऊन जातो.

माझीही एक चूक सांगतो. एकदा घाईत, सिरीज लॅम्प (सेटच्या आधी ओळीत जोडलेला बल्ब) न लावता, एका सेटला थेट २३० व्होल्ट दिले. तो जपानच्या घरगुती बाजारातला, १०० व्होल्टचा निघाला. फ्यूजनं वाचवायला हवं होतं. पण आधीच्या कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती. ट्रान्सफॉर्मरच्या जळक्या वासानं खोली भरली.

म्हणून आग्रह एवढाच. पहिली वीज सिरीज लॅम्पमधूनच द्या; बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर स्विच बंद करा. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी मोजा. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. आणि झाकण लावण्यापूर्वी आत एक चिठ्ठी चिकटवा: काय बदललं, कोणत्या व्हॅल्यूचा कपॅसिटर, फ्यूज किती अँपिअरचा, तारीख.

त्या सेटात अशी चिठ्ठी असती, तर तार घालणाऱ्याला ती लिहिताना लाज वाटली असती.

– संपादक