उरलेली गोळी आणि हृदयाचा ठोका

मैत्रिणींनो, घरातला औषधांचा डबा एकदा पालथा करून पाहा. सासूबाईंच्या संधिवाताच्या गोळ्या, धाकट्याचा घसा दुखला तेव्हा आणलेली नि निम्मी उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटी थांबवणारी गोळी, आणि कुठेतरी तळाशी करोनाच्या दिवसांत धावपळ करून मिळवलेले एखादे पाकीट! पैसे मोजून आणलेली वस्तू टाकवत नाही, हा आपला स्वभावच. जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आपण; गोळी कशी फेकणार? पुढच्या तापाला उपयोगी पडेल म्हणून ती पुन्हा डब्यात जाते.

गोधडीचा हा न्याय वैद्यकशास्त्रही लावते, बरं का. एका रोगावरचे जुने औषध दुसऱ्या रोगावर वापरून पाहतात. यात गैर काही नाही. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड करोनाच्या ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवते, हे जून २०२० मध्ये चाचणीतून सिद्ध झाले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे जुने औषध नव्या रोगावर चालते का, कुणाला चालते आणि त्याची किंमत शरीराला काय पडते, हे तपासूनच ठरवावे लागते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या बाबतीत हे तपासणे मागे राहिले आणि घाई पुढे गेली. मूळचे हे हिवतापाच्या क्लोरोक्वीनचे भावंड; आमवात आणि ल्युपस यांवर वर्षानुवर्षे दिले जाणारे औषध. २२ मार्च २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृती दलाने ते करोना टाळण्यासाठी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरातल्या माणसांना सुचवले. लगेच दुकानांतून गोळ्या नाहीशा होऊ लागल्या. सरकारला चार दिवसांत तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घालावे लागले. एप्रिलमध्ये मुंबईत धारावी आणि वरळीच्या वस्त्यांत ती सरसकट देण्याचा बेत झाला, तो पुढे स्थगित ठेवला गेला.

तेव्हा आपला वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये होता. पण इथल्याच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे तेव्हाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. एस. पी. कलंत्री यांनी उघडपणे विचारले, की पुरावा कुठे आहे? सगळीकडे भीती असताना असे विचारणे सोपे नव्हते. पुढे उत्तर आले ते त्यांच्या शंकेच्या बाजूने. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत १५६१ रुग्णांना ही गोळी दिली, ३१५५ जणांना नेहमीचेच उपचार दिले. २८ दिवसांत पहिल्या गटात शेकडा २७ आणि दुसऱ्यात शेकडा २५ दगावले. म्हणजे गोळीचा लाभ काहीच नाही. ब्राझीलमध्ये तर क्लोरोक्वीनचा मोठा डोस घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले, तेव्हा तो डोस तिथेच थांबवला. आपल्याकडच्या उपचारांच्या यादीतून ही गोळी सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली.

तुम्ही म्हणाल, फायदा नसेना का, तोटा तरी काय? तोटा हृदयाचा असू शकतो. सेवाग्रामला चरखा पाहिला असेल. एक धागा ओढायचा, तो चातीवर गुंडाळायचा, मगच पुढचा ओढायचा. गुंडाळण्याआधीच हिसका दिला तर गुंता झालाच समजा. हृदयाचेही तसेच. प्रत्येक ठोक्यानंतर त्याच्या पेशी पुन्हा सज्ज होतात, तेव्हा पोटॅशियम पेशींतून बाहेर जाते. काही औषधे हा बाहेर जाण्याचा मार्ग अडवतात. सज्ज व्हायला वेळ जास्त लागतो आणि मध्येच आगंतुक ठोका पडला, तर सगळी लय बिघडते. माणूस चक्कर येऊन कोसळतो, क्वचित दगावतोही. ईसीजीच्या कागदावर हा वेळ मोजता येतो. त्याला क्यूटी म्हणतात. तो ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात.

असे करणारी एकच गोळी नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीवरच्या ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन, बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, मानसिक आजारांवरची काही औषधे ही सारी त्याच वाटेची. एकटी गोळी बहुतेकांना काही करत नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर घाबरून बंद करू नका. अडचण होते ती दोन-तीन एकत्र आल्यावर. त्यात विषाणूचा ताप म्हणजे जेवण नाही, जुलाब-उलट्या आहेत, पोटॅशियम आधीच घटलेले. काही वेळा विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतो. धडधाकट शरीराला पेललेली गोळी अशा शरीराला पेलेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत हवीच. बायकांचा क्यूटी पुरुषांपेक्षा मुळातच थोडा लांब असतो. औषधांमुळे हृदयाची लय अशी बिघडण्याचे प्रकारही बायकांतच अधिक आढळतात. आणि घरात सगळ्यांचा ताप काढून झाल्यावर स्वतःसाठी डब्यातली गोळी शोधणारी कोण? आपणच!

तेव्हा एवढे कराच.

डब्यातल्या मुदत संपलेल्या, नाव नसलेल्या आणि मागच्या आजारातून उरलेल्या गोळ्या बाजूला काढा. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी घेऊन दुकानात जाऊ नका. डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू यांनाही हेच लागू. चिकुनगुन्यातल्या सांधेदुखीवरही क्लोरोक्वीन देत. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साध्या वेदनाशामक गोळीशी ताडून पाहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्लोरोक्वीन काही सरस ठरले नाही.

घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवा. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, झोपेची, सगळी. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्या. “काही गोळ्या चालू आहेत का?” या प्रश्नाला “नाही” म्हणून मोकळ्या होऊ नका. हृदयविकार असेल, आधी कधी शुद्ध हरपली असेल, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही सांगा. ईसीजी काढायला सांगितला तर खर्च वाचवायला पाहू नका.

जुलाब-उलट्या असतील तर जलसंजीवनी, तांदळाची पेज, शहाळ्याचे पाणी, केळे द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र शहाळे-केळे डॉक्टरांना विचारूनच.

आमवात किंवा ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू असेल, तर हे वाचून ती सोडू नका. तिथे तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. डोस वजनाप्रमाणे ठरतो, डोळे तपासावे लागतात. ते वेळेवर करा.

आणि नवी गोळी सुरू झाल्यावर छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणे, यांतले काहीही झाले तर “अशक्तपणा असेल” म्हणून पडून राहू नका. १०८ ला फोन करा आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या. डॉक्टरांना अर्धे निदान त्या पाकिटांवरूनच होते.