सपरीतली लूना आणि नातवाची डर्टबाइक

भंडारा जिल्ह्यात तुमसर, मोहाडी, लाखनी, पवनी अशा कोणत्याही तालुक्यात जा, जुन्या घराच्या सपरीत धानाच्या पोत्यांमागे एखादी लूना टेकून ठेवलेली दिसण्याचा संभव आहे. मास्तरांची, ग्रामसेवकांची, पोस्टमनची ती गाडी. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ साली बाजारात आणली. पन्नास सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, गिअरची कटकट नाही आणि पेट्रोल संपलेच तर पेडल मारत घर गाठण्याची सोय! आमच्या बँकेतले शेतकी अधिकारी वसुलीला तिच्यावरूनच जात. काही कर्जदार तिचा आवाज लांबून ओळखत आणि मागल्या दाराने बांध्यांकडे निघून जात, हा भाग वेगळा.

आज ती लूना नातवाच्या नजरेत भरली आहे. त्याला तिची डर्टबाइक करायची आहे. डर्टबाइक म्हणजे चिखल, ढेकळे, नदीची वाळू यांतून उड्या मारत जाणारी उंच, हलकी मोटारसायकल. कंपनीची, थोडीफार त्या जातकुळीची गाडी घ्यायची तर दीड लाखाच्या आसपास रक्कम मोजावी लागते. २०२५-२६ साठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे एका गाडीसाठी त्रेसष्ट-चौसष्ट क्विंटल धान झाले. दोन-तीन एकरांच्या घरातल्या मुलाने ते गणित कधीच मनाशी करून पाहिलेले असते. म्हणून तो कबाड्याकडे जातो.

ही मुले काय करतात, ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. आधी इंजिन उतरवतात, सायलेन्सरमधला काजळीचा थर जाळून काढतात, कार्बोरेटर धुतात, पिस्टनच्या रिंगा बदलतात. इथपर्यंत ती शुद्ध दुरुस्ती असते. मग पेडल निघते. मागे मोठे दातेरी चक्र बसते, त्याने वेग घटतो पण चढावर ओढ वाढते. पुढे मोटारसायकलचे उंच शॉकअप आणि मोठ्या गट्ट्यांचे टायर येतात. तरीही पन्नास सीसीचा जीव तो केवढा! शेवटी भंगारातले शंभर सीसीचे इंजिन आणले जाते आणि ते बसवण्यासाठी सांगाडा कापून नव्या नळ्या वेल्डिंग केल्या जातात. मूळ लूनाचे मग उरते काय? नंबरप्लेट, चेसिसवरचा आकडा आणि आजोबांच्या नावाचे आरसी बुक.

धोका नेमका इथून सुरू होतो, आणि तो मुलांना समजावून सांगितला तर त्यांना कळतो. नुसते रागावून काही होत नाही. उडी मारलेली गाडी जमिनीवर आदळते तेव्हा सगळा हिसका हँडलच्या मानेवर येतो. लूनाची मान त्यासाठी घडवलेली नाही. वेल्डिंगचा टाका वरून चकचकीत दिसला तरी आत लोखंडाला धरलेला असेलच असे नाही. दुसरी गोष्ट ब्रेकची. वेग चाळीसवरून ऐंशीवर गेला की गाडी थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. लूनाचे छोटे ड्रमब्रेक मात्र होते तेवढेच राहतात. मुले इंजिनावर महिना घालवतात आणि ब्रेकवर एक दुपार, अशी माझी त्यांच्याबद्दल मुख्य तक्रार आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते की, आरसीत नोंदलेला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून घेण्याची वाट याच कलमात खुली आहे. वेल्डिंग करणारा मिस्त्री तोच, नळीही तीच. एक काम मान्य, दुसरे गुन्हा.

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा परवाना पालकांच्या संमतीने मिळू शकतो. त्याच गाडीत शंभर सीसीचे इंजिन बसले की त्या गाडीपुरता तो विनापरवाना ठरतो. मग अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचे दुखणे आणखी वेगळे. आरसीत एक इंजिन आणि गाडीत दुसरे, अशा स्थितीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा प्रयत्न करणारच, आणि भरपाईचा बोजा शेवटी सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचू शकतो. ‘आम्ही तर शेतातच चालवतो,’ हे उत्तरही पुरेसे नाही. नोंदणीचे कलम सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणत्याही जागी’ असेही म्हणते.

मग या मुलांच्या हातातल्या कसबाचे करायचे काय? सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी देवराष्ट्रे येथे, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. सुमारे साठ हजार रुपये खर्च आला. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिची वाखाणणी केली, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. बोलेरो पुढच्याच महिन्यात आली. छान झाले. परंतु ज्याच्याकडे उद्योगपतीचे लक्ष जात नाही, त्याने काय करावे? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या विदर्भातल्याच फुलसावंगीला घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते डोक्याला लागून चोवीस वर्षांचा तरुण गेला. बुद्धी दोघांकडेही होती. फुलसावंगीच्या तरुणाचे काम आधी तपासून, ‘थांब, इथे चूक आहे’ असे सांगणारे जाणते कोणी जवळ असते तर? आयटीआयचे निदेशक आहेत, आरटीओचे निरीक्षक आहेत, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. वर्षातून दोन दिवस या मुलांच्या गाड्यांचे टाके आणि ब्रेक कोणी तपासून दिले तर काय बिघडेल?

नियम करता येत नाहीत असे कोणी म्हणू नये. आपल्या जिल्ह्याला शंकरपटाचा अनुभव आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा आणि नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये तो कायदा वैध ठरला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांची पशुवैद्यकीय तपासणी, अटी पाळूनच पट. बैलांसाठी जे झाले ते पोरांच्या गाड्यांसाठी का होऊ नये? कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना कायद्याने मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेले आहेच. त्या आधाराने धान निघाल्यावर कुंपण घातलेले एखादे मैदान, हेल्मेटची सक्ती आणि दाराशी रुग्णवाहिका, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पुण्यात जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉसच्या व्यावसायिक शर्यती झाल्या. तिथली भारी यंत्रे आपल्याला नकोत, शिस्त तेवढी हवी.

तोवर ज्यांच्या सपरीत लूना आहे, त्यांनी नातवाला ती मूळ रूपात चालू करायला द्यावी. ते काम कमी अवघड नाही. सुटे भाग शोधण्यातच अर्धा उन्हाळा जातो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. वीस वर्षांवरील दुचाकीसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार रुपये झाले, पर्यावरण कर निराळा. आरटीओत नेण्यापूर्वी चेसिसचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचता येतो का ते पाहावे, आणि काढून ठेवलेली पेडल शोधून परत बसवावीत.