विश्लेषण : डायलिसिसवरील मुलांच्या शिरा जपणे का गरजेचे?

जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देण्याची घोषणा २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्यातून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम उभा राहिला. तेव्हापासून चर्चा होते ती यंत्रे, केंद्रे आणि सत्रे यांची. मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांच्या बाबतीत मात्र यंत्राआधी वेगळाच प्रश्न येतो : रक्त शरीराबाहेर काढायचे कुठून?

रक्त बाहेर काढण्याचे मार्ग कोणते?

हिमोडायलिसिसमध्ये रक्त वेगाने यंत्रात जाऊन शुद्ध होऊन परत यावे लागते. साध्या शिरेतून तेवढा प्रवाह मिळत नाही. त्यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला फिस्टुला : हातातील धमनी शस्त्रक्रियेने शेजारच्या शिरेला जोडतात. दाबामुळे शीर फुगते, जाड होते आणि तिच्यात वारंवार सुया टोचता येतात. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी १९६६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्वांत टिकाऊ मानली जाते. दुसरा कॅथेटर : गळ्यातील मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत सोडलेली नळी. ती लगेच वापरता येते.

मुलांमध्ये अडचण काय?

दहा किलोच्या मुलाच्या शरीरात जेमतेम ८०० मिलिलिटर रक्त असते आणि रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात. फिस्टुलासाठी सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा कुशल सर्जन लागतो. वजन २० किलोपेक्षा कमी असेल तर शस्त्रक्रिया आणखी कठीण होते. फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. शिवाय आठवड्यातून साधारण तीनदा सुया टोचून घेणे मुलांना नकोसे वाटते. म्हणून अनेकदा कॅथेटरच पुढे चालू राहतो.

मग कॅथेटरच का नको?

त्याची खरी किंमत नंतर मोजावी लागते. नळीवाटे रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो, गुठळ्या होतात आणि मोठी शीर कायमची अरुंद होऊ शकते. छातीतील शीर अरुंद झाली, तर त्या बाजूच्या हातात पुढे फिस्टुला करणेही अवघड होते. प्रौढ रुग्णापेक्षा मुलासाठी हे नुकसान मोठे आहे. आठ वर्षांच्या मुलापुढे अनेक दशकांचे आयुष्य असते. प्रत्यारोपण हा सर्वोत्तम उपाय असला, तरी बसवलेले मूत्रपिंड सहसा जन्मभर पुरत नाही. डायलिसिसवर परतण्याची वेळ येते, तेव्हा शिल्लक शिराच कामी येतात.

निवड कशी करावी?

प्रत्यारोपण लवकरच होणार असेल, तर थोड्या काळासाठी कॅथेटर चालतो. वर्षभरात ते होण्याची शक्यता नसेल आणि मूल पुरेसे मोठे असेल, तर फिस्टुलाचा विचार आधीच व्हावा, असा वैद्यकीय शिफारशींचा रोख आहे. अमेरिकेतील २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी सर्वांना एकच मार्ग सुचवण्याऐवजी प्रत्येक रुग्णाचा आयुष्यभराचा आराखडा आखण्यावर भर दिला. लहान मुलांसाठी शिरा न वापरणारा, पोटाच्या आवरणातून होणारा डायलिसिस अनेकदा अधिक सोयीचा ठरतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमातही त्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या.

पालक आणि रुग्णालये काय करू शकतात?

सर्वांत स्वस्त उपाय डायलिसिस सुरू होण्याआधीचा आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या मुलाचे रक्त शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूने घ्यावे. मूल ज्या हाताने लिहीत नाही, त्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या आणि दंडाच्या शिरा सलाइनसाठी वापरू नयेत. तशी ठळक नोंद केसपेपरवर असावी. परिचारिकेला याची आठवण करून देण्यात पालकांनी संकोच करू नये.

धोरणात काय बदलावे?

सत्रांची संख्या मोजणे सोपे आहे. पण किती मुलांना वेळेत फिस्टुला मिळाला, किती जण महिनोन् महिने कॅथेटरवरच आहेत आणि किती जणांना संसर्ग झाला, याचीही नोंद व्हायला हवी. यंत्र बिघडले तर नवे आणता येते, निकामी झालेली शीर मात्र परत मिळत नाही.