पंधरा दिवसांचे परोपकारी

परोपकाराला नावे ठेवणारे माणूस कुणालाच आवडत नाही, आणि दिवाळीच्या दिवसांत तर मुळीच नाही. घरोघर फराळाची ताटे फिरत असताना एखादीने उठून 'या देण्यात काही अर्थ नाही' असे म्हणावे, हे कुणाला रुचणार? तरीही ते काम मी आज पत्करीत आहे. कारण ज्या दानाचा हिशेब कधी मागितला जात नाही, त्या दानाचा उपद्रव कुणाच्या ध्यानातही येत नाही.

अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रथा आता चांगलीच रुजली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आई, बाप आणि मुले मिळून परदेशी 'मिशन'वर जायचे. दहा-पंधरा दिवस आफ्रिकेतील एखाद्या शाळेत मुलांना शिकवायचे, गाणी म्हणायची, बायबलातल्या गोष्टी सांगायच्या, आणि परत यायचे. प्रवासखर्चासाठी चर्चमधून, आप्तेष्टांकडून वर्गणी जमवायची. ही मूठभर हौशी मंडळींची गोष्ट नव्हे. रॉबर्ट वुथनाव या समाजशास्त्रज्ञाने २००५ च्या पाहणीवरून असा अंदाज केला होता, की अमेरिकेतील सुमारे १६ लाख चर्चसभासद दर वर्षी अशा अल्प मुदतीच्या मिशनवर परदेशी जातात. जेट विमानांनी जग जवळ आणले, हे खरे. पण त्यामुळे सेवाही सुटीच्या मापाने शिवून मिळू लागली.

माझा या विषयाशी संबंध पुस्तकी नाही. २००३ ते २००९ या काळात यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही युगांडात, कंपाला शहराजवळ राहत होतो. त्यांतली पाच वर्षे मी एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गाला बिनपगारी गणित शिकविले. शाळेचे नाव सांगत नाही. तसल्या शाळा तिथे शेकड्यांनी आहेत.

युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले. आदल्या वर्षी शाळांत सुमारे ३० लाख मुले होती, ती एका वर्षात ५० लाखांवर गेली. एवढी मुले आली, पण त्या मानाने शिक्षक कुठून येणार? माझ्या वर्गात ९४ मुले होती. चार-चार मुले एका बाकावर, उरलेली जमिनीवर. दुपारच्या जेवणाला, म्हणजे मक्याच्या पिठाच्या 'पोशो'ला, घरून पैसे आणता आले नाहीत तर ती पोरे तशीच बसून राहत. अशा शाळेला कशाची उणीव होती हे कुणालाही सांगता आले असते. शिक्षक हवे होते, पोशो हवा होता, पाठ्यपुस्तके हवी होती. दर जुलैत येत ते मात्र पाहुणे.

जुलै म्हणजे तिथल्या शाळांच्या दुसऱ्या सत्राचे ऐन अभ्यासाचे दिवस. अमेरिकेतल्या सुटीशी जुळते म्हणून तेव्हाच पाहुण्यांनी यायचे. त्यांच्या आधी आठवडाभर शाळेत स्वागतगीतांची तालीम चाले, अंगण झाडून लख्ख होई. मग एकसारखे सदरे घातलेले कुटुंब उतरे. त्यानंतरच्या दहा दिवसांत वेळापत्रक असे काही उरतच नसे. एका वर्षी मी वहीत टिपून ठेवले होते: तालीम, स्वागत, बाहुल्यांचा खेळ, गाणी, भेटवस्तूंचे वाटप आणि निरोपसमारंभ मिळून माझ्या वर्गाचे गणिताचे १४ तास बुडाले. अपूर्णांकांची बेरीज तिसऱ्या सत्रावर गेली. सातवीच्या मुलांचे तर त्याहून वाईट. नोव्हेंबरमध्ये त्यांची प्राथमिक शाळेची अखेरची सरकारी परीक्षा असते. पुढची शाळा मिळणार की नाही हे त्या निकालावर ठरते. त्यांचेही तास बुडालेच.

'पण ती मंडळी शिकवीत होती ना?' असे कुणी विचारील. काय शिकवणार? युगांडात २००७ पासून पहिली ते तिसरीची मुले आपापल्या भाषेत शिकतात. आमच्याकडे ती भाषा लुगांडा होती. पाहुण्यांना 'ओली ओत्या', म्हणजे 'कशी आहेस', एवढे म्हणावयास चौथा दिवस उजाडे. वरच्या वर्गांत इंग्रजी चाले. पण त्यांचे उच्चार मुलांना कळत नसत आणि मुलांचे त्यांना. कुठवर शिकवून झाले आहे हे ठाऊक नाही, कोण कच्चे आहे ते ठाऊक नाही, नावेही पाठ झालेली नाहीत. असल्या माणसाला आपण आपल्या मुलाच्या वर्गात दहा दिवस उभे राहू देऊ का? गावातला कुणी सज्जन वाणी 'मला मुलांची फार आवड आहे, उद्यापासून तुमच्या पाचवीला मी शिकवतो' म्हणून आला, तर आपले मुख्याध्यापक त्याला चहा पाजून वाटेला लावतील. मग आफ्रिकेतल्या मुलांना मात्र प्रेमळ चेहरा एवढीच पात्रता पुरेशी का समजावी? या सेवेच्या पोटात एक अवमान दडलेला आहे, तो असा: 'तुमच्यासाठी कुणीही चालेल.'

आणि पाठ बुडतात हे नुकसान लहानच म्हणायचे. मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. एका वर्षी पाहुण्यांचा दहा वर्षांचा मुलगा माझ्या वर्गातल्या एका मुलाबरोबर दिवसभर चेंडू खेळे. जाताना त्याने वचन दिले: 'मी तुला पत्र लिहीन, पुढच्या वर्षी परत येईन.' त्यानंतर तो पोरगा दर शुक्रवारी तास संपला की माझ्या टेबलापाशी येऊन विचारी, 'टीचर, पत्र आले का?' सत्र संपेतो त्याने विचारले. मग विचारायचे सोडून दिले, आणि त्याचे विचारायचे सोडून देणेच मला अधिक लागले. त्या अमेरिकन मुलाला मी खोटारडा म्हणणार नाही. निरोपाच्या वेळी दहा वर्षांच्या पोराला तसे खरोखरच वाटते. दोष त्या मोठ्यांचा, ज्यांनी मुलांना जीव लावण्याचा दहा दिवसांचा कार्यक्रम आखला. त्या मुलाने पुढच्या वर्षी नव्या पाहुण्यांसाठी तेच स्वागतगीत म्हटले, पण चेंडू खेळावयास काही तो गेला नाही.

आता पैशांचा हिशेब करू. पाच माणसांचे कुटुंब अमेरिकेहून एंटेबे विमानतळावर उतरावयाचे तर माणशी दीड हजार डॉलर धरा. साडेसात हजार झाले. युगांडात सरकारी प्राथमिक शिक्षकाचा पगार महिना पाच लाख शिलिंगांच्या आसपास, म्हणजे सव्वाशे-दीडशे डॉलर. याचा अर्थ, एका कुटुंबाच्या केवळ विमानभाड्यात तिथल्या एका पात्र शिक्षकाचा चार वर्षांहून अधिक पगार निघतो. एकीकडे दहा दिवसांचे पाच पाहुणे, दुसरीकडे चार वर्षांचा एक शिक्षक. हे त्रैराशिक माझ्या पाचवीतल्या मुलांनीही सोडविले असते.

हा हिशेब मी एकटीच मांडते आहे असेही नव्हे. १९९८ च्या मिच वादळानंतर मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात घरे बांधावयास अशीच मिशनची पथके धावली होती. कर्ट वेर बीक या ख्रिस्ती अभ्यासकानेच पुढे त्या कामाची पाहणी केली. परदेशी पथकांनी बांधलेले घर प्रवासखर्च धरून सुमारे ३० हजार डॉलरना पडले होते. तेच घर तिथल्या ख्रिस्ती संस्था दोन हजार डॉलरमध्ये बांधीत होत्या. आणि 'प्रत्यक्ष पाहून आल्यावर माणूस आयुष्यभर देता होतो' हे जे समर्थन नेहमी केले जाते, त्यालाही त्या पाहणीत बळकटी मिळाली नाही. घरी परतलेल्यांच्या देणग्यांत फारशी वाढ झालेली आढळली नाही.

ही ख्रिस्ती मिशनांवरची माझी आगपाखड आहे असे कुणी समजू नये. उलट, माझी तक्रार आहे ती जुन्या मिशनऱ्यांची आठवण ठेवूनच. अलेक्झांडर मॅके हा स्कॉटिश इंजिनिअर १८७८ मध्ये युगांडात पोचला. तो लुगांडा शिकला, त्या भाषेत त्याने पुस्तके छापली, मुलांना हातातली कसबे शिकवली, आणि १८९० मध्ये तापाने तिकडेच वारला. मायदेशी एकदाही परतला नाही. आल्बर्ट कुक हा डॉक्टर १८९७ मध्ये आला, त्याने मेंगोचे इस्पितळ उभारले, आणि १९५१ मध्ये युगांडातच देह ठेवला. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई पाहा. १८२७ मध्ये मुंबईस आल्या, मुलींना शिकविण्यात आयुष्य घातले, आणि १८६२ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) वारल्या. त्यांची तिथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना आपल्याही शाळेची प्रेरणा मिळाली. पंधरा दिवसांत आटोपणाऱ्या बाईंची शाळा पाहावयास जोतीराव कशाला गेले असते?

त्या जुन्या मंडळींचे सारेच गोड होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या मागोमाग राज्यकर्ते आले; १८९४ मध्ये युगांडा इंग्रजांच्या 'संरक्षणा'खाली गेला तो काही देवाच्या इच्छेने नव्हे. धर्मांतराचा आग्रह, देशी चालीरीतींचा तिरस्कार, हे सगळे होतेच. त्यांच्याशी भांडता येत असे. आणि भांडता येत असे, कारण ते तिथेच राहत. चुकले तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच माणसांना तोंड दाखवावे लागे. पंधरा दिवसांच्या परोपकाऱ्याशी भांडायचे कसे? त्याचे विमान केव्हाच सुटलेले असते.

आणि आणखी एक गंमत पाहा. ही मंडळी ज्या देशात शुभवर्तमान घेऊन जातात, त्या युगांडात २०१४ च्या जनगणनेप्रमाणे दर शंभरांत ऐंशीहून अधिक माणसे ख्रिस्तीच आहेत. १८८५ ते १८८७ या काळात तिथल्या कोवळ्या तरुणांनी याच धर्मापायी राजाज्ञेने मरण पत्करले. दर ३ जूनला नामुगोंगो येथे त्या हुतात्म्यांच्या स्मरणाला लाखोंची यात्रा भरते. कित्येक जण दिवसेंदिवस पायी चालत येतात. अशा लोकांना ख्रिस्त सांगावयास सुटीत जायचे, म्हणजे पंढरपुरात जाऊन वारकऱ्यांना विठोबाची ओळख करून देण्यासारखेच आहे. ज्याचा धर्म ते सांगतात त्या येशूनेही, त्यांच्याच ग्रंथाप्रमाणे, उपदेशाला तोंड उघडण्यापूर्वी आपल्या माणसांत वयाची तिशी गाठली होती.

'मग शाळा त्यांना नको का म्हणत नाही?' हा प्रश्न मी आमच्या हेडमास्तरांना विचारला होता. ते हसून म्हणाले, 'पाहुण्यांना नको म्हटले तर छपराचे पत्रे कोण देईल?' या एका वाक्यात सारा व्यवहार आला. शाळा मुलांचे दहा दिवस देते, गाणी देते, फोटोसाठी चेहरे देते. आणि मोबदल्यात पत्रे घेते. याला व्यापार म्हणा, माझी हरकत नाही. सेवा मात्र म्हणू नका.

आपण मराठी माणसांनीही फार ताठ मानेने हसू नये. दिवाळीच्या तोंडावर शहरातून मोटारी भरून निघायचे, एखाद्या आदिवासी पाड्यावर चार तास फराळ वाटायचा, लाडू घेणाऱ्या मुलांबरोबर फोटो काढायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, हा त्याच जातीचा प्रकार आहे. अंतर कमी, एवढाच फरक. त्या पाड्यावरच्या शाळेत मास्तर आहेत की नाहीत, हे त्यांतल्या कितीजणांनी विचारलेले असते?

शाळेचा प्राण कशात असतो? इमारतीत नाही, खडूफळ्यात नाही, प्रेमळ हसण्यातही नाही. तो 'उद्या'त असतो. आज न समजलेले उदाहरण उद्या पुन्हा समजावणारे माणूस उद्या येणार आहे, ही मुलाची खात्री म्हणजे शाळा. ज्याला उद्या यावयाचेच नाही, त्याने वर्गात उभे राहू नये. मग तो ख्रिस्ती असो की हिंदू, गोरा असो की काळा.

आफ्रिका पाहावीशी वाटते? जरूर पाहा. व्हिक्टोरिया सरोवर पाहा, तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून तिथली प्रार्थना ऐका, मुलांना घेऊन चार गोष्टी शिकून या. लुगांडात पाहुण्याला 'मुगेन्यी' म्हणतात आणि त्याचा मान मोठा असतो. पाहुणा म्हणून गेलात तर तो मान तुम्हाला पुरेपूर मिळेल. पण पाहुण्याने शिक्षकाची खुर्ची मागू नये. सेवाच करायची असेल तर दोन मार्ग उघडे आहेत. राहा, भाषा शिका, वर्षे घाला. नाहीतर घरीच बसा, आणि तिकिटाचे पैसे अशा एखाद्या शिक्षिकेच्या पगाराला पाठवा, जी उद्या सकाळी त्या वर्गात हजर असेल. तिच्याबरोबर तुमचा फोटो निघणार नाही. नाही निघाला तर बिघडले कुठे?