कार्ड दिले, पुढे काय?

घरगुती डबे, फराळाचे पदार्थ, शिवणकाम, शिकवणी किंवा ब्यूटी पार्लर असा एखादा छोटा व्यवसाय सुरू करायचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती व्यवसायाच्या नावाची आणि दुसरी व्हिजिटिंग कार्डाची. हौसेने हजार कार्डे छापली जातात. ओळखीच्यांना वाटून होतात, लिफ्टजवळच्या पत्रपेट्यांत टाकून होतात. सहा महिन्यांनी पाहावे तर निम्म्याहून अधिक कार्डे कपाटात तशीच पडलेली असतात. मग "कार्डे छापली, पण उपयोग काही झाला नाही," अशी तक्रार ऐकू येते.

यात दोष कार्डाचा नसतो. कार्ड देणे हे निम्मेच काम आहे आणि उरलेल्या निम्म्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ते उरलेले काम कोणते, हे समजून घेण्यासाठी या वेळी आपण महाराष्ट्राबाहेर, बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत जाऊ. अनेक मराठी घरांतली मुले, सुना आणि जावई आज तिथे राहतात, त्यामुळे हे नाव आपल्या वाचकांना परके नाही.

गिऱ्हाईक भरपूर, पण फिरते

कर्नाटक सरकारने १९७६ साली 'केऑनिक्स' ही कंपनी स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या खेड्यांच्या परिसरात ही वसाहत उभी राहिली. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि १९९४ मध्ये इथल्या मोठ्या आवारात आली. पुढे २०१० साली होसूर रस्त्यावर उंच उड्डाणमार्ग झाला आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. कारखाने आणि कचेऱ्यांच्या भोवती पेइंग गेस्ट घरे, खानावळी आणि मोठमोठ्या इमारतींची संकुले उभी राहिली.

अशा ठिकाणी घरगुती व्यवसायाला गिऱ्हाइकांची वाण नसते. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी, मुलांना सांभाळायला आजी-आजोबा जवळ नाहीत, स्वयंपाकाला वेळ नाही. शिवाय एकटे राहणारे शेकडो तरुण-तरुणी. यांना घरची पोळी-भाजी हवी असते, गणपतीत उकडीचे मोदक हवे असतात, मुलांना गणिताची शिकवणी हवी असते.

अडचण वेगळीच आहे. हे गिऱ्हाईक टिकून राहत नाही. घर भाड्याचे, करार अकरा महिन्यांचा. नोकरी बदलली की घर बदलते, बदली झाली की शहरही बदलते. आज डबा घेणारी वीस माणसे वर्षभराने तीच असतील, याची खात्री नसते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले, तेव्हा तर अनेक तरुण आपापल्या गावी निघून गेले आणि त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी, चहाच्या टपऱ्या, पेइंग गेस्ट घरे एकाएकी ओस पडली.

अशा वेळी विचार करा. ज्या बाईने दोनशे कार्डे वाटली, पण कोणाचेच नाव लिहून ठेवले नाही, तिच्या हाती काय उरले? फोन येण्याची वाट पाहणे. आणि जिच्या वहीत साठ गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर आहेत, ती निदान विचारू तरी शकते: कोण इथेच आहे, कोण परत येणार आहे, कोणाच्या आईवडिलांना आता दोन वेळचा डबा हवा आहे. म्हणून या लेखातला मुख्य सल्ला एकच आहे. आपले कार्ड जरूर द्यावे, पण त्याच वेळी समोरच्याचे नाव आपल्या वहीत लिहून घ्यावे.

कार्डावर काय असावे?

कार्ड पाहताच तुम्ही काय करता ते कळले पाहिजे. 'अन्नपूर्णा एंटरप्रायझेस' एवढेच मोठ्या अक्षरांत छापले, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. 'घरगुती मराठी जेवणाचा डबा, दुपार व रात्र' ही ओळ नावाइतकीच ठळक हवी. एका कार्डावर डबे, साड्या, विमा आणि शिकवणी असे सगळे भरू नये. दोन कामे करत असाल, तर दोन वेगळी कार्डे करा.

फोन नंबर एकच द्यावा आणि तो उचलला जाईल असा असावा. फोन करण्याची वेळ आणि ऑर्डर किती आधी द्यायची, हेही लिहावे. 'आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवावे' या एका ओळीने रोजचे कितीतरी वाद वाचतात.

घरून व्यवसाय करणाऱ्या महिलांनी पत्त्याबाबत थोडी काळजी घ्यावी. कार्ड कोणाच्याही हाती जाऊ शकते. त्यामुळे घर क्रमांक न छापता संकुलाचे नाव आणि जवळची खूण, उदाहरणार्थ 'नीलाद्री रस्ता' किंवा 'विप्रो गेटजवळ', एवढे पुरे. ऑर्डर पक्की झाल्यावर पूर्ण पत्ता सांगता येतो. शक्य असेल तर व्यवसायासाठी वेगळा नंबर घ्यावा.

भाषेचाही विचार करा. इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्व प्रांतांची माणसे राहतात, म्हणून इंग्रजी लागतेच. पण संकुलाच्या फाटकावरचा रखवालदार, रिक्षावाला, शेजारचा किराणा दुकानदार यांना कन्नड जवळची असते आणि नव्या माणसाला तुमच्या दारापर्यंत आणून सोडणारे हेच असतात. कार्डाच्या एका बाजूला कन्नड असणे सोयीचे आहे आणि ज्या गावात आपण कमावतो त्या गावाचा मान राखणारेही आहे. पुढे दुकान घेतलेत, तर कर्नाटकात २०२४ च्या कायद्यानुसार नामफलकावर साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा लागतो, हेही लक्षात ठेवा. मराठी ओळ घातली तर मराठी घरे आपोआप जवळ येतात, मात्र केवळ मराठी घरांवर अवलंबून राहू नये.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा विभागाची, म्हणजे 'एफएसएसएआय'ची नोंदणी करून घ्यावी आणि तो चौदा अंकी क्रमांक कार्डावर छापावा. अनोळखी गिऱ्हाइकाला त्यामुळे विश्वास वाटतो. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड छापणार असाल, तर छपाईपूर्वी स्वतः एक रुपया पाठवून तो तपासा. आणि हे कायम ध्यानात असू द्या: पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. "ऑर्डरचे पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी सांगितले की फोन ठेवून द्यावा.

छपाईचा खर्च

कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंच या नेहमीच्या आकाराचेच ठेवा, म्हणजे ते पाकिटात बसते. कागद जाडसर, तीनशे जीएसएमच्या आसपास असावा. काळे, चकचकीत कार्ड दिसायला छान दिसते, पण त्यावर पेनाने लिहिता येत नाही. मागच्या बाजूचा काही भाग कोरा ठेवला, तर तिथे 'सोमवारपासून दोन डबे' किंवा 'ब्लाउज शुक्रवारी' असे लिहून देता येते. असे कार्ड माणूस टाकून देत नाही.

पहिल्या वेळी शंभर-दोनशे कार्डेच छापा. नंबर, दर किंवा पदार्थ पहिल्या काही महिन्यांत बदलतातच. हजार कार्डे प्रत्येकी स्वस्त पडतात हे खरे, पण त्यातली आठशे रद्दीत गेली तर ती महागच पडली. बंगळूरमध्ये छपाई आणि लग्नपत्रिकांसाठी अव्हेन्यू रोड प्रसिद्ध आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीहून पिवळ्या मेट्रोने आर. व्ही. रोडला उतरून हिरव्या मार्गिकेने चिक्कपेटला गेले, की तो भाग जवळच आहे. दोन-तीन ठिकाणी नमुने पाहून दर विचारावेत आणि छापण्यापूर्वी मजकूर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा. फोन नंबरातला एक आकडा चुकला, तर सगळा गठ्ठा वाया जातो.

वहीचा हिशोब

आता वहीकडे वळू. साधी दोनशे पानी वही पुरते. त्यात रकाने आखा: नाव, नंबर, इमारत, काय घेतले, कोणत्या तारखेला, आमच्याबद्दल कोणाकडून कळले, आणि निरोप पाठवलेला चालेल का. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. न विचारता कोणालाही व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात घालू नये. लोक चिडतात, नंबर बंद करून टाकतात आणि एक गिऱ्हाईक कायमचे जाते. तसेच एकाचा नंबर दुसऱ्याला देऊ नये. लोकांनी तो तुमच्या भरवशावर दिलेला असतो.

या वहीचा उपयोग एका काल्पनिक हिशोबाने पाहू. समजा, दोनशे कार्डांना ६०० रुपये लागले. त्यातली दीडशे पत्रपेट्यांत टाकली आणि पन्नास कार्डे ओळख करून घेऊन, चवीपुरत्या पदार्थासह हातात दिली. चवीच्या पदार्थांना आणखी ६०० रुपये लागले. एकूण खर्च १२०० रुपये. महिन्याभरात चार कायमची गिऱ्हाइके मिळाली, म्हणजे एक गिऱ्हाईक ३०० रुपयांना पडले. प्रत्येकाकडून सर्व खर्च वजा जाता महिन्याला ५०० रुपये सुटत असतील, तर हा खर्च पहिल्याच महिन्यात भरून निघाला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 'कोणाकडून कळले' हा रकाना पाहिल्यावर समजा असे दिसले, की चारांपैकी तीन जण हातात दिलेल्या पन्नास कार्डांमधून आले आणि पत्रपेटीतल्या दीडशेंतून एकच आला. मग पुढच्या वेळी पैसे कुठे घालायचे, हे कोणाला विचारायची गरज राहत नाही. वही नसती, तर "कार्डांचा थोडाफार उपयोग होतो," इतकेच म्हणता आले असते आणि आणखी हजार कार्डे छापली गेली असती. घरच्या बचतीतून घातलेले दहा-वीस हजार रुपये अशाच अंदाजांपायी संपतात आणि चांगला चाललेला हात थांबतो.

कार्डे देण्याच्या जागाही विचारपूर्वक निवडा. डब्याबरोबर पहिल्या दिवशी दोन कार्डे द्यावीत, एक ठेवायला आणि एक पुढे द्यायला. पेइंग गेस्ट घराचे मालक, औषधाचे दुकान, पाळणाघर, संकुलाचे कार्यालय, ही माणसे रोज नव्या रहिवाशांना भेटतात. लिफ्टमध्ये किंवा फलकावर कागद लावण्यापूर्वी संकुलाच्या समितीची परवानगी घ्या, नाहीतर जाहिरातीऐवजी नाराजी मिळते.

जुनी गोष्ट, तोच धडा

गिऱ्हाइकाशी संबंध ठेवण्याची ही रीत नवी नाही. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. थोरले रामूअण्णा सायकल विकत, तसेच गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवत. पुढे लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी ते घेईनात. वस्तू उत्तम असूनही सुरुवातीची काही वर्षे खप झाला नाही. माल चांगला असला की तो आपोआप खपतो असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक काढले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नियमित पोहोचावी, हा त्यामागचा हेतू होता. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि ते महाराष्ट्रातल्या घराघरांत वाचले गेले. माल विकून झाल्यावरही गिऱ्हाइकाशी बोलत राहायचे, हे त्यांनी ओळखले होते. याच घराण्याने १९४६ साली बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी केली.

आपल्याला मासिक काढायचे नाही. पण सणाच्या पंधरा दिवस आधी 'या वर्षी चकली आणि अनारसे करत आहे, गेल्या वर्षी तुम्ही एक किलो घेतली होती, या वेळी किती ठेवू?' असा नावानिशी निरोप पाठवणे कोणालाही जमेल. सर्वांना एकच जाहिरात पाठवण्यापेक्षा असा निरोप अधिक मोलाचा ठरतो, कारण समोरच्याला आपली आठवण ठेवल्याचे समाधान मिळते. गिऱ्हाईक दुसऱ्या शहरात गेले तरी त्याला विचारा: "तुमच्या जागी कोण राहायला येणार आहे? त्यांना माझा नंबर द्याल का?" इलेक्ट्रॉनिक सिटीत काय किंवा हिंजवडीत काय, जाणारे गिऱ्हाईक थांबवता येत नाही, पण जाताना ते दुसरे गिऱ्हाईक देऊन जाऊ शकते.

तेव्हा नवी कार्डे छापायला टाकण्यापूर्वी या आठवड्यात एवढेच करा. गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडून काही ना काही घेतलेल्या सगळ्यांची नावे आठवून वहीत लिहा. ज्यांचे नाव आठवते पण नंबर नाही, त्यांच्यापुढे खूण करा आणि तो मिळवा. मग त्यांतल्या पाच जणांना फोन करून घेतलेली वस्तू कशी वाटली, ते विचारा. काही उणीव सांगितली तर वाद न घालता ती लिहून घ्या. कार्डावर कोणती ओळ ठळक छापायची, हे बहुधा त्या पाच फोनांतूनच कळेल.